कोऱ्या डिस्कवर कुठलाही इन्स्टॉलर पास होतो

प्रश्न असा आहे: शाळांच्या संगणक कक्षांसाठी डेबियनवर आधारित, आपोआप चालणारा इन्स्टॉलर तयार केला आहे. व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे आभासी संगणकात (व्हीएममध्ये), २० जीबीची डिस्क देऊन तो दहा वेळा चालवला, दहाही वेळा नीट चालला. शाळांतली मशीन मात्र सगळी वेगवेगळी आहेत. काही जुनी हार्डडिस्कवाली, काही एनव्हीएमईवाली (नव्या प्रकारची वेगवान एसएसडी), काहींत दोन डिस्क, काहींवर विंडोज. व्हीएममधल्या चाचणीवर किती विसंबायचं, आणि डिस्कची चाचणी नेमकी करायची कशी?

दहा वेळा चालला हे खरंच असणार, पण ती एकच चाचणी दहा वेळा झाली. एक डिस्क, तीही कोरी, एकच कंट्रोलर, ५१२ बाइटचे सेक्टर, एकच फर्मवेअर (मशीन सुरू करणारा बायोस किंवा यूईएफआय). शाळेत अशी डिस्क तुम्हाला जवळजवळ कधीच मिळणार नाही. तिथली प्रत्येक डिस्क आधी कुणीतरी वापरलेली असते आणि तिच्यावर काही ना काही उरलेलं असतं. इन्स्टॉलरने डिस्कवर काय लिहिलं हे सगळेच तपासतात. त्याने कशाला हात लावला नाही, हे तपासणारे फार थोडे. ते तपासायला व्हीएमसारखी दुसरी सोय नाही, कारण तिथे डिस्क म्हणजे होस्टवरची, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या खऱ्या मशीनवरची, एक फाइल असते. ती इन्स्टॉलरच्या आधी आणि नंतर बाहेरून उघडून बघता येते.

मी हे शिकलो ते नुकसान करून. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत डेबियन टाकायचं काम होतं. प्रीसीड फाइलमध्ये (इन्स्टॉलरच्या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहून ठेवलेली फाइल) डिस्कचं नाव मी सरळ ‘एसडीए’ लिहिलं होतं, कारण माझ्या व्हीएममध्ये एकच साटा (जुन्या, नेहमीच्या जोडणीची) डिस्क होती आणि ती नेहमी एसडीएच असायची. प्रयोगशाळेतल्या मशीनमध्ये सिस्टीमसाठी एनव्हीएमई होती आणि मुलांच्या कामासाठी वेगळी १ टीबीची साटा डिस्क. एनव्हीएमईचं नाव वेगळ्या पद्धतीने पडतं, त्यामुळे तिथे एसडीए झाली ती मुलांची डिस्क. इन्स्टॉलरने सांगितलं तेच केलं. लक्षात येईपर्यंत तीन मशीन झाली होती. फोटोरेक या पुसलेल्या फायली शोधणाऱ्या साधनाने बऱ्याच फायली परत निघाल्या, पण फोल्डर आणि नावं गेली. शेवटच्या वर्षाच्या मुलांबरोबर बसून एकेक फाइल उघडून ‘ही कुणाची’ हे ओळखण्यात चार दिवस गेले. तेव्हापासून माझ्या प्रत्येक चाचणीत एक जादा डिस्क असते. तिला मी साक्षीदार डिस्क म्हणतो.

साक्षीदार डिस्क कशी करायची ते सविस्तर सांगतो, कारण या उत्तरातलं एकच काही उचलायचं असेल तर हे उचला. क्यूईएमयूमध्ये (व्हर्च्युअलबॉक्ससारखंच, पण कमांडने चालणारं व्हीएमचं साधन) एक डिस्क-फाइल तयार करा, तिच्यावर एनटीएफएसचं (विंडोजच्या फाइलसिस्टीमचं) पार्टिशन करा, त्यात खरोखरच्या फायली भरा. थोडे फोटो, थोडी कागदपत्रं. ही मूळ फाइल पुन्हा कधीही लिहायची नाही, होस्टवरच तिची परवानगी फक्त वाचण्याची ठेवा. चाचणीच्या वेळी तिच्यावर क्यूकाऊ-२ या क्यूईएमयूच्या प्रकाराची एक ओव्हरले फाइल बनवा आणि व्हीएमला ती द्या. गेस्टने, म्हणजे व्हीएमच्या आतल्या सिस्टीमने, काहीही लिहिलं की ते ओव्हरलेत जातं, मूळ फाइल तशीच राहते. चाचणी संपली, व्हीएम बंद केलं, की क्यूईएमयू-आयएमजीची ‘मॅप’ ही कमांड ओव्हरलेवर चालवा. डिस्कचा कुठला तुकडा कुठल्या फाइलमधून येतो याची ती यादी देते. यादीत ओव्हरलेचं नाव एकदाही नसेल, तर साक्षीदार डिस्कला कुणी हात लावलेला नाही. नाव असेल, तर नेमक्या कुठल्या ऑफसेटला लिहिलं गेलं तेही तिथेच दिसतं. क्यूकाऊ-२चा क्लस्टर, म्हणजे त्यातला एक तुकडा, वेगळं काही न सांगितल्यास ६४ केबीचा असतो, म्हणजे तेवढ्या बारकाईने कळतं. पहिल्याच क्लस्टरमध्ये लिहिलं असेल तर पार्टिशन टेबल किंवा बूट सेक्टरवर घाला आला. शेवटच्या क्लस्टरमध्ये असेल तर जीपीटीची (नव्या पद्धतीच्या पार्टिशन टेबलची) मागची प्रत लिहिली गेली.

यात एक खाचखळगा आहे. साक्षीदारावर ईएक्सटी-४ (लिनक्सची फाइलसिस्टीम) पार्टिशन असेल आणि ते नीट अनमाउंट झालेलं नसेल, तर फक्त वाचण्यासाठी म्हणून माउंट केलं तरी कर्नल अर्धवट राहिलेलं जर्नल (बदलांची नोंद) पूर्ण करतो, म्हणजे डिस्कवर लिहितो. दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीम शोधणारा इन्स्टॉलरचा भाग अशाने गुपचूप डिस्क बदलू शकतो. म्हणून मी दोन साक्षीदार ठेवतो. एक स्वच्छ बंद केलेला, आणि एक मुद्दाम व्हीएमची वीज तोडल्यासारखं करून बंद केलेला. दुसऱ्याच्या ओव्हरलेत काही सापडलं, तर इन्स्टॉलर ‘नुसतं बघतो’ म्हणत काय करतो ते कळतं.

आता नावांचं. साटा, स्कझी आणि यूएसबी डिस्कना लिनक्समध्ये एसडीए, एसडीबी अशी नावं पडतात. व्हर्टआयओ-ब्लॉक (खास व्हीएमसाठीची जोडणी) असेल तर व्हीडीए. एनव्हीएमईला शून्यापासून आकडे, आणि पार्टिशनच्या आकड्याआधी ‘पी’ हे अक्षर. स्वस्त लॅपटॉपमधल्या ईएमएमसी या साठवणुकीच्या चिपलाही तसंच ‘पी’. ज्या स्क्रिप्टमध्ये डिस्कच्या नावापुढे सरळ १ जोडून पार्टिशनचं नाव बनवलं आहे, ती एनव्हीएमईवर पडणारच. हे घरबसल्या पाच मिनिटांत पकडता येतं: क्यूईएमयूला एनव्हीएमई डिस्क द्या, तिला सिरियल क्रमांक द्यायला विसरू नका, त्याशिवाय ते उपकरण सुरूच होत नाही. व्हर्टआयओ डिस्कलाही सिरियल द्या. ते नसेल तर ‘बाय-आयडी’ फोल्डरमध्ये तिची लिंकच तयार होत नाही, आणि तुमचा नियम सिरियलवर चालत असेल तर तो व्हीएममध्ये विनाकारण नापास ठरेल.

दोन साटा डिस्क असतील तर त्यांचा क्रमही गृहीत धरू नका. कर्नल त्या एकाच वेळी शोधतो, आधी कोण उत्तर देईल त्याची हमी नाही. शिवाय तुम्ही इन्स्टॉलर पेनड्राइव्हवरून चालवणार. व्हीएममध्ये आयएसओ सीडी म्हणून जोडली जाते आणि तिथेच चाचणी खोटी पडते. आयएसओ यूएसबी डिस्क म्हणून जोडा. आतली डिस्क एनव्हीएमई असेल तर आता एसडीए म्हणजे तुमचा पेनड्राइव्ह. ‘पहिली सापडेल ती डिस्क घे’ हा प्रीसीडमधला प्रचलित नुस्खा अशा वेळी इन्स्टॉलरला स्वतःच्याच पेनड्राइव्हवर पाठवू शकतो. याचंच दुसरं रूप ग्रबच्या, म्हणजे सिस्टीम सुरू करणाऱ्या बूटलोडरच्या, बाबतीत दिसतं. सिस्टीम बरोबर डिस्कवर जाते, ग्रब मात्र पेनड्राइव्हवर बसतो. मग पेनड्राइव्ह लावलेला असेपर्यंत मशीन सुरू होतं आणि तो काढला की काळा पडदा. म्हणून इन्स्टॉल संपल्यावर यूएसबी काढून, व्हीएम पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करणं हा चाचणीचाच भाग धरा. नुसतं रीबूट पुरत नाही.

डिस्क निवडायचा नियम कसा असावा, यावर माझं मत ठाम आहे: आपोआप चालणाऱ्या इन्स्टॉलरने शंका आली की थांबावं. काढता येण्याजोग्या आणि यूएसबीवरच्या डिस्क वगळा, उरलेल्यांत एकच डिस्क असेल आणि तिच्यावर ओळखीचं काही नसेल तरच पुढे जा. दोन असतील तर पडद्यावर मॉडेल, आकार आणि सिरियल दाखवून विचारा. मास्तरांना एक प्रश्न जास्त विचारला तर काही बिघडत नाही.

वापरलेल्या डिस्कचा भाग सगळ्यात मोठा आहे, आणि बहुतेक चुका इथेच लपतात. आपल्याला वाटतं, सुरुवातीचे चार-पाच एमबी शून्य केले की डिस्क कोरी झाली. तसं होत नाही. जीपीटीची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी असते. लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडचा (अनेक डिस्क एकत्र वापरण्याच्या सोयीचा) १.२ प्रकारचा मेटाडेटा सुरुवातीपासून ४ केबीवर असतो, पण १.० आणि जुना ०.९० हे दोन्ही शेवटाकडे. झेडएफएस ही फाइलसिस्टीम तर चार लेबलं ठेवते, दोन पुढे, दोन मागे. जुन्या सर्व्हरमधून काढून शाळेला दिलेली डिस्क आली, तर इन्स्टॉलर चालताना ती जुनी रेड आपोआप जुळवली जाऊ शकते, एमडी१२७ अशा नावाने. मग पार्टिशन करायला गेलं की डिस्क व्यग्र आहे असं उत्तर येतं. कधी कधी तसं उत्तरही येत नाही, नवं टेबल लिहिलं जातं आणि कर्नल जुनंच धरून बसतो.

याच्यासाठी मी ‘मळक्या’ डिस्कांचा एक संच करून ठेवला आहे. प्रत्येक एक मूळ फाइल, वर दर वेळी नवा ओव्हरले. एकीवर अर्धी रेड-१, दोनपैकी एकच डिस्क. एकीवर एलव्हीएम (पार्टिशनऐवजी लवचीक व्हॉल्यूम देणारी लिनक्सची सोय). एकीवर लक्स (लिनक्सचं डिस्क-एन्क्रिप्शन). एकीवर जीपीटी, पण आकार नंतर क्यूईएमयू-आयएमजीने वाढवलेला, म्हणजे मागची प्रत आता शेवटी नसून मध्येच कुठेतरी. एकीवर पुढचा भाग पुसलेला आणि मागची जीपीटी शाबूत. एकीवर विंडोज, फास्ट स्टार्टअप चालू ठेवून बंद केलेलं, म्हणजे पुरतं बंद न झालेलं. अशा एनटीएफएसचा आकार बदलायला साधनं नकार देतात आणि ते बरोबरच आहे. पाहायचं ते हे की तो नकार तुमच्या इन्स्टॉलरपर्यंत पोहोचतो का, आणि तो थांबतो का, की पुढच्या पायरीवर उडी मारतो.

या संचातली एक चाचणी कुणी सुचवत नाही पण फार उपयोगी पडते: तुमचाच इन्स्टॉलर त्याच मशीनवर दुसऱ्यांदा चालवा. डेबियनमध्ये एलव्हीएमचा मार्गदर्शित पर्याय व्हॉल्यूम ग्रुपला होस्टनेमवरून नाव देतो. एका डिस्कवर आधीची प्रत आहे, तुम्ही दुसरीवर इन्स्टॉल करताय आणि होस्टनेम तेच आहे, तर ते नाव आधीच वापरात असल्याचं सांगून इन्स्टॉलर अडतो. कक्षातल्या सगळ्या मशीनना सुरुवातीला एकच होस्टनेम देणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी भेटतं. तुम्ही वर्षभराने पुन्हा इन्स्टॉल करायला जाल तेव्हा हीच स्थिती असेल.

सेक्टरच्या आकाराकडे वळतो. बहुतेक डिस्क आपण ५१२ बाइटच्या आहोत असं सांगतात, काही मात्र खरोखर ४०९६ बाइटचे सेक्टर दाखवतात. क्यूईएमयूमध्ये लॉजिकल आणि फिजिकल ब्लॉकचे आकार ४०९६ ठेवले की अशी डिस्क मिळते. आयडीई प्रकारावर हे चालत नाही, व्हर्टआयओ किंवा स्कझी घ्या, आणि फर्मवेअर यूईएफआय ठेवा, कारण सीबायोस (क्यूईएमयूचा जुन्या पद्धतीचा बायोस) अशा डिस्कवरून बूट करत नाही. मग काय तुटतं ते बघा. ‘२०४८व्या सेक्टरपासून सुरू’ असं लिहिलं असेल तर १ एमबीच्या जागी ८ एमबी होतात, ते खपून जातं. पण ५१२च्या डिस्कवर बनवलेली प्रतिमा जशीच्या तशी इथे उतरवली तर जीपीटीच सापडत नाही, कारण तिचा हेडर सेक्टर क्रमांक १ वर शोधला जातो आणि तो आता ५१२व्या नाही तर ४०९६व्या बाइटवर आहे. ईएफआय पार्टिशन (यूईएफआयसाठी बूटलोडर ठेवायचं, एफएटी-३२ फाइलसिस्टीमचं) १०० एमबीचं ठेवलं असेल तर तेही अडतं. एफएटी-३२ला किमान ६५,५२५ क्लस्टर लागतात, क्लस्टर ४ केबीपेक्षा लहान होऊ शकत नाही, म्हणजे हिशेब २५६ एमबीच्या आसपास जातो. मी ५१२ एमबी ठेवतो आणि विषय संपवतो.

मोठ्या डिस्कची चाचणी तर फुकट आहे. ३ टीबीची क्यूकाऊ-२ फाइल होस्टवर सुरुवातीला काही शे केबीच घेते. जुन्या एमबीआर पार्टिशन टेबलात सेक्टरचा आकडा ३२ बिटचा, म्हणून ५१२च्या सेक्टरला मर्यादा २ टीबीच्या जराशी वर. त्यापुढे जीपीटी हवी, आणि जुन्या बायोसवर जीपीटी म्हटली की ग्रबला बसायला १ एमबीचं छोटं बायोस-बूट पार्टिशन हवं. ही जोडी, म्हणजे बायोस आणि मोठी डिस्क, जरूर एकदा चालवा. अगदी लहान डिस्कही, ४ जीबीची, फक्त संदेश काय येतो ते बघण्यासाठी.

इथे होस्टची जागा संपली तर काय होतं ते माहीत असू द्या. क्यूईएमयू अशा वेळी गेस्टला चूक कळवत नाही, व्हीएम थांबवून ठेवतो. पडद्यावर इन्स्टॉलर गोठल्यासारखा दिसतो आणि आपण त्याच्या मागे लागतो. प्रगतीची पट्टी मधेच अडली तर आधी होस्टवर जागा किती उरली ते पाहा.

यूईएफआयसाठी ओव्हीएमएफच्या (व्हीएमसाठीच्या यूईएफआय फर्मवेअरच्या) दोन फायली असतात, एक कोडची, एक व्हेरिएबलची. दुसरीत बूटच्या नोंदी राहतात. प्रत्येक व्हीएमला तिची वेगळी प्रत द्या. इन्स्टॉल झाल्यावर ती प्रत काढून टाका, नवी कोरी प्रत लावा आणि बूट करून बघा. शाळेत मदरबोर्डची बॅटरी संपून किंवा कुणी बायोस रीसेट करून हेच होतं. डेबियन स्वतःचा बूटलोडर ‘डेबियन’ नावाच्या फोल्डरात ठेवतो, फर्मवेअर ज्या ठरावीक ठिकाणी शोधतं तिथे आपणहून प्रत ठेवत नाही. ती ठेवण्याचा पर्याय आहे, आणि शाळांसाठी तो चालू करावा असं मी आग्रहाने सांगेन.

मग तयार डिस्क साटावरून काढून व्हर्टआयओवर किंवा एनव्हीएमईवर लावून बघा. एफएसटॅबमध्ये (कुठलं पार्टिशन कुठे माउंट करायचं त्या यादीत) नावांऐवजी यूयूआयडी हे ओळखक्रमांक असतील तर डिस्क सापडते, पण सुरुवातीच्या रॅमडिस्कमध्ये त्या कंट्रोलरचा ड्रायव्हर हवा. डेबियन सहसा बहुतेक ड्रायव्हर भरतो. फेडोराचा ड्रॅकट, म्हणजे ही रॅमडिस्क बनवणारं साधन, फक्त त्या मशीनला लागतील तेवढे भरतो, म्हणून तिथे हलवलेली डिस्क आपत्कालीन शेलमध्ये जाऊन उभी राहते. मदरबोर्ड बदलला की हेच घडतं.

खराब सेक्टरही बनवता येतात. होस्टवर डिव्हाइस मॅपरने (लिनक्समधली आभासी डिस्क बनवायची सोय) तीन तुकड्यांचं उपकरण तयार करा. पहिला आणि तिसरा सरळ फाइलकडे जाणारा, मधला काही सेक्टरचा ‘एरर’ प्रकारचा. तो तुकडा रूट पार्टिशनमध्ये येईल असा ठेवा. चांगला इन्स्टॉलर थांबून सांगतो की डिस्कवर लिहिता आलं नाही. वाईट इन्स्टॉलर शेवटपर्यंत जाऊन ‘पूर्ण झालं’ म्हणतो. वीज जाण्याची चाचणी मात्र क्यूईएमयूची प्रक्रिया मारून पूर्ण होते असं समजू नका. गेस्टने लिहिलेलं तोवर होस्टच्या मेमरीत पोहोचलेलं असतं आणि होस्ट ते सावकाश फाइलमध्ये उतरवतोच. म्हणजे तुम्ही गेस्ट कोसळल्याचा प्रसंग उभा केला, डिस्कच्या कॅशमधलं हरवल्याचा नाही. तो हवा असेल तर डिव्हाइस मॅपरचं ‘लॉग-राइट्स’ लक्ष्य वापरावं लागेल. आणि वेगासाठी कॅश ‘अनसेफ’ ठेवली असेल तर फ्लशच्या (कॅशमधलं डिस्कवर उतरवण्याच्या आदेशाच्या) कुठल्याही निष्कर्षावर विश्वास ठेवू नका, त्यात फ्लश पाळलेच जात नाहीत.

व्हीएम काय सांगणार नाही, तेही स्पष्ट लिहितो. बऱ्याच इंटेल लॅपटॉपवर साठवणूक आरएसटी किंवा व्हीएमडी पद्धतीने लावलेली येते, आणि इन्स्टॉलरला डिस्क दिसतच नाही. बायोसमधलं सेटिंग एएचसीआय (साधी पद्धत) केल्यावर दिसते, पण आधीचं विंडोज तयारी न करता तसं केल्यास सुरू होत नाही. ईएमएमसीवर ‘बूट-०’, ‘बूट-१’ नावाची काही एमबीची वेगळी उपकरणं दिसतात, इन्स्टॉलरने त्यांना डिस्क समजता कामा नये. यूएसबी-साटा अडॅप्टर काय सिरियल दाखवेल याचा नेम नाही. यासाठी खरं मशीनच लागतं.

एक गोष्ट मराठीची. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये मराठी निवडता येते, आणि शाळांसाठी तुम्ही ती निवडणार असाल तर पार्टिशनचे पडदे मराठीतच एकदा पूर्ण वाचा. ‘या डिस्कवरचं सगळं जाईल’ हे सांगणारं वाक्य पडद्यात पूर्ण मावतं का, कुठली डिस्क ते त्यात स्पष्ट कळतं का, हे संगणकाशी रोज संबंध नसलेल्या माणसाला वाचायला देऊन बघा. चाचणी इंग्रजीत आणि वापर मराठीत असं झालं, तर सगळ्यात महत्त्वाचं वाक्य कुणीच तपासलेलं नसतं.

हे सगळं हाताने करणं शक्य नाही, पण सगळ्या जोड्या चालवायचीही गरज नाही. ओपनसूसे आणि फेडोरा ओपनक्यूए वापरतात, त्यात क्यूईएमयूचा पडदा चित्राशी ताडून पुढची कळ दाबली जाते. तुमचं काम प्रीसीडवर चालतं, तेव्हा त्याहून सोपं जमेल: सिरियल कन्सोल फाइलमध्ये वळवा, इन्स्टॉलनंतर व्हीएम आपोआप बंद होऊ द्या, दुसऱ्यांदा यूएसबीशिवाय सुरू करा, लॉगिनची ओळ आली का बघा, मग साक्षीदाराचा मॅप काढा. रात्रभरात पंधरा-वीस जोड्या सहज होतात. नापास झालेल्याचा ओव्हरले पुसू नका, आणि इन्स्टॉलरचे सिसलॉग व पार्टमन (पार्टिशन करणारा भाग) हे दोन्ही लॉग त्याच्याबरोबर ठेवा.

जोड्या कुठल्या घ्यायच्या ते शाळाच सांगतील. जाण्याआधी प्रत्येक प्रकारच्या एका मशीनवर लाइव्ह पेनड्राइव्ह लावायला सांगा आणि एलएसबीएलके या डिस्कची यादी देणाऱ्या कमांडचं आउटपुट मागवा: नाव, आकार, मॉडेल, सिरियल, जोडणीचा प्रकार, सेक्टरचा आकार, फाइलसिस्टीम हे सगळे रकाने घालून. फोनने काढलेला पडद्याचा फोटोही चालेल. त्या प्रत्येक फोटोवरून एक व्हीएम उभं करा, तितक्याच डिस्क, त्याच जोडण्या, त्याच फाइलसिस्टीम. ज्या शाळेचा फोटो आलेला नाही, तिथे पहिलं इन्स्टॉल करताना दुसऱ्या डिस्कची केबल काढून ठेवा.